कालच्या पावाचं ताट: पार्ल्यातल्या एका फ्रेंच बेकरीचं प्रकरण

कचऱ्याची पिशवी वजनकाट्यावर ठेव, असं मी म्हणालो तेव्हा बेकरीची मालकीण माझ्याकडे बघतच राहिली. ज्या काट्यावर पहाटे मैदा मोजायचा त्यावर रात्री कचरा? शेवटी जुनं वर्तमानपत्र अंथरलं, मदतनीस मुलाने काळी पिशवी उचलून ठेवली आणि आकडा स्थिरावला: ७ किलो ४०० ग्रॅम. रात्रीचे पावणेनऊ वाजले होते, शटर अर्धं खाली होतं. पिशवीत कांद्याची सालं नव्हती की अंड्याची टरफलं नव्हती, तो ओला कचरा वेगळ्या डब्यात. या पिशवीत होते दगडासारखे कडक झालेले पाव, दुपारच्या कीशचे (मैद्याच्या पारीत अंडं-दूध-चीज घालून भाजलेला खारा पदार्थ) पाच तुकडे, कडा ओघळलेल्या लिंबाच्या टार्ट आणि एक अख्खा, कुणी हातही न लावलेला गावठी पाव. मुलगा म्हणाला, "रोज एवढंच असतं, काका."

मी छोट्या खानावळींचे, पोळीभाजी केंद्रांचे आणि बेकऱ्यांचे हिशेब बघतो. या बेकरीची मालकीण माझ्या सोसायटीतली. तिचे बाबा आणि मी एकाच मजल्यावर राहतो, म्हणून ती मला काका म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करतो. फी मात्र दोघंही विसरत नाही. दुकानाचं नाव इथे देत नाही, ते तिच्याशी ठरलंय. आकडे तिच्या वहीतलेच आहेत, थोडे गोल केलेले.

तिची तक्रार एका वाक्यात होती: "काका, दुपारची ताटं दुप्पट झाली आणि महिन्याच्या शेवटी हातात कमी राहतंय. असं कसं?"

आधी दुकान. पार्ले पूर्वेला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, एका आडव्या गल्लीत. तीनशे वीस चौरस फूट आणि वर पोटमाळा. बसायला आठ खुर्च्या, भिंतीला लागून एक फळी, तिथे चौघं उभ्याने खाऊ शकतात. पार्लेकरांना बेकरीच्या वासाचं अप्रूप नाही. स्टेशनजवळचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद होईपर्यंत त्या भागातली हवाच गोड होती, आणि लोकल पार्ल्यात शिरली की डोळे मिटूनही कळायचं. पण लोण्याच्या थरांचा खमंग वास वेगळा. मालकीण दोन वर्षं फ्रान्समध्ये राहून हे काम शिकून आली. पहाटे साडेतीनला कणिक थंड खोलीत लाटायची, कारण लोणी पस्तीसच्या आतबाहेर वितळतं आणि आपल्या मे महिन्यात ओट्यावरच पस्तीस असतात. सात-साडेसातला क्रॉसाँ (लोण्याच्या थरांचे चंद्रकोरी पाव) आणि साधे पाव काउंटरवर. सकाळी गर्दी, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा गर्दी. बारा ते तीन मात्र दुकान ओस. एक लाख पंधरा हजार भाडं दुपारच्या तीन तासांचंही भरावं लागतं, म्हणून जेवण सुरू केलं.

पाटी लिहिताना पहिलाच घोटाळा झाला. तिने हौसेने खडूने लिहिलं, 'ताजी बागेत'. येणाराजाणारा थांबून विचारायचा, कुठल्या बागेत? तेव्हापासून पाटीवर बॅगेट आहे, म्हणजे तोच लांब काठीसारखा फ्रेंच पाव. फ्रेंच उच्चाराचा बळी गेला, पण इलाज नव्हता.

जेवणाची कल्पना तिने तिकडूनच उचलली. फ्रान्समध्ये कोपऱ्यावरच्या बेकरीत दुपारी 'फॉर्म्युल' मिळतं: ठरलेल्या किमतीत एक सँडविच नाहीतर कीश, सोबत काहीतरी गोड आणि पेय. कचेरीतली माणसं ते घेऊन बागेतल्या बाकावर बसतात (इथे खरोखरच बागेत). मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे याला राईस प्लेट म्हणतात. जे ठरलंय ते, ठरलेल्या पैशात, निवड कमी, वाढणं झटपट. तिचं ताट २४९ रुपयांचं: वाटीभर सूप, एक मुख्य तुकडा, चार पानांचं सॅलड आणि शेवटी दोन घास गोड. पार्ल्यातल्या उडप्याकडच्या थाळीपेक्षा महाग, पण वांद्र्याच्या कॅफेत एका क्रॉसाँला दोनशेच्या घरात पैसे मोजणाऱ्या माणसाला हे फुकटासारखं वाटायचं.

मला रस होता तो त्या ताटात काय असायचं यात.

सूप कांद्याचं. कांदा लोण्यात तासभर तपकिरी होईपर्यंत परतायचा, त्यावर पावाची कापटी आणि चीज घालून वरून भाजायचं. मुख्य तुकडा बहुतेक वेळा क्रोक-मस्यू: पावाच्या दोन कापट्यांमध्ये चीज आणि हॅम, वर दूध-लोणी-मैद्याचा पांढरा रस्सा, आणि सगळं खरपूस होईपर्यंत भट्टीत. हा पदार्थ १९१० च्या सुमारास पॅरिसच्या कॅफेंच्या यादीत आला असं मानतात. तिकडे त्यात डुकराचं हॅम, इथे कोंबडीचं, आणि शाकाहाऱ्यांसाठी अळंबी. गोड म्हणजे 'पँ पेर्द्यू'. शब्दशः हरवलेला पाव, म्हणजे वाया गेलेला. तो दूध-अंड्यात भिजवून तव्यावर लोण्यात परततात. नाहीतर बदामाचा क्रॉसाँ. त्यात कालचा क्रॉसाँ मधोमध चिरून साखरेच्या पाकात ओला करतात, आत बदामाचं सारण भरतात आणि पुन्हा भाजतात.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. या सगळ्या पदार्थांत पाव कालचा लागतो. लागतो म्हणजे चालतो असं नव्हे, तोच हवा असतो. ताजा मऊ पाव अंड्या-दुधात बुडवला तर त्याचा लगदा होतो, कालचा घट्ट पाव रस पितो आणि आकार धरून राहतो. सूप हा शब्दही मुळात पातळ रशाचा नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'सूप' म्हणजे रशात बुडवायचा पावाचा तुकडा, रशाला ते नाव नंतर चिकटलं. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज ज्यात काही नाही तो बॅगेट सकाळी उत्तम असतो आणि रात्री काठी होतो. जिथे घरोघरी हाच पाव खातात तिथल्या बायकांनी त्या काठीचं काय काय करायचं हे पिढ्यान्पिढ्या शोधून काढलंय. आपल्याकडे पोळी उरली की फोडणीची पोळी होते, गूळ-तुपात कुस्करून लाडू होतो. तसंच ते.

सुरुवातीचे तीन महिने मालकीण हेच करत होती, पण हिशेब म्हणून नव्हे. टाकवत नाही म्हणून करत होती. सकाळी चाळीस बॅगेट भाजले जायचे, त्यातले आठ-दहा उरायचे. दोन-तीन गावठी पाव आणि दहाएक क्रॉसाँ. त्यातून दिवसाला सरासरी बावीस ताटं निघायची.

आता त्या बावीस ताटांचा हिशेब. २४९ मधून पाच टक्के जीएसटी वजा केला की हातात २३७ येतात. हॉटेलच्या जेवणावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून हा पाच टक्क्यांचा दर आहे, आणि त्याची अट अशी की लोणी-चीज घेताना भरलेला कर परत वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. एका ताटाला चीज ३० रुपयांचं, हॅम नाहीतर अळंबी १८, पांढरा रस्सा ९, सूपचा कांदा ६ आणि लोणी ३, सॅलड १२, गोडाला दूध-अंडं-साखर ९. बेरीज ८७. पाव शून्य.

या शून्यावर आमचा दोघांचा वाद झाला. ती म्हणे, पाव फुकट कसा, मैदा मी विकत घेते. मी म्हटलं, त्या मैद्याचे पैसे सकाळच्या तीस बॅगेटनी देऊन टाकलेत. उरलेले दहा आता एकतर ताटात जातील नाहीतर पिशवीत. पिशवीत त्यांची किंमत शून्य आहे, म्हणून ताटातही शून्य. फक्त एक गोष्ट: हे शून्य तोवरच खरं, जोवर तो पाव खरोखर उरलेला आहे. हे वाक्य मी तेव्हा सहज बोलून गेलो. पुढचं सगळं प्रकरण त्याच वाक्याभोवती फिरणार होतं हे मलाही कळलं नव्हतं.

तर, ताटामागे १५० रुपये, बावीस ताटांचे ३,३००. जास्तीचा माणूस नाही, जास्तीची वीज जवळजवळ नाही, कारण क्रोक वरून भाजायला छोटी ओव्हन पुरते. दुपारच्या ओस तीन तासांसाठी हे उत्तम होतं.

मग व्हिडिओ आला.

खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारा कुणी मुलगा आला, चीजची तार खेचली, किंमत सांगितली आणि गेला. आठवड्याभरात अंधेरी, गोरेगाव, ठाण्याहून माणसं यायला लागली. रांगेत उभं राहून पहिला प्रश्न: "फ्रेश आहे ना?" जुन्या गिऱ्हाइकांनी हे कधी विचारलं नव्हतं. एका बाईंनी काउंटरवरच्या मुलाला सरळ विचारलं, हा पाव आजचा का? मुलगा खरं बोलला. "कालचा आहे, मॅडम." बाई मागे वळून रांगेला म्हणाल्या, "शिळा पाव देतात हो!" आणि निघून गेल्या.

त्या एका वाक्याने मालकीण हादरली. मी तिला दोष देत नाही. मराठी माणसाच्या कानाला 'शिळं' हा शब्द फार कडू. घरात आपण शिळ्या पोळीचा लाडू मिटक्या मारत खातो, पण पैसे देऊन शिळं? घरी जी काटकसर ती दुकानात फसवणूक होते. तिने दुसऱ्या दिवसापासून दुपारसाठी वेगळा पाव भाजायला घेतला. अकरा वाजता भट्टी पुन्हा पेटली. क्रोकची जागा ताज्या बॅगेटच्या सँडविचने आणि कीशने घेतली, हरवलेल्या पावाची जागा लिंबाच्या टार्टने. एक जास्तीचा मुलगा ठेवला. आणि मागणी आहेच तर घरपोच ॲपवरही नाव टाकलं. पाटीवर मोठ्या अक्षरात: 'सगळं आजचं, ताजं!' किंमत तीच २४९, कारण व्हिडिओत तीच सांगितली होती.

ताटं बावीसवरून शेहेचाळीसवर गेली. अठ्ठावीस दुकानात, अठरा ॲपवर.

मी वहीत उभी रेघ मारून दोन्ही बाजू लिहिल्या. नव्या ताटाला पाव २२ रुपयांचा, आता तो शून्य नाही. हरवलेल्या पावाच्या ९ रुपयांऐवजी टार्टचे ३१. म्हणजे ८७ चे १३१ झाले. दुकानात बसून खाणाऱ्यामागे १०६ उरतात, अठ्ठावीस जणांचे २,९६८. ॲपवरच्या ताटातून वर १७ रुपयांची खोकी-वाट्या आणि ॲपचा वाटा त्यावरच्या करासकट ७०. उरले १९. अठरा ताटांचे ३४२. एकूण ३,३१०. म्हणजे दुप्पट धावपळ करून ती बावीस ताटांच्याच आकड्यावर पोचली होती, आणि अजून खर्च संपले नव्हते. नव्या मुलाचे दिवसाला ६१५. भट्टी दुसऱ्यांदा तापवायची वीज २००. आणि रोज न खपलेली पाचएक ताटं, कारण ताजं भाजायचं तर अंदाजाने आधी भाजावं लागतं. त्यांचे ६५५. वजा करून हातात आले १,८४०. पूर्वीचे ३,३००.

तिने आकडे दोनदा तपासले. मग हळूच म्हणाली, "आणि जुना उरलेला पाव तर उरतोच आहे."

तोच त्या काळ्या पिशवीत होता.

माझ्या धंद्यात हा प्रकार नवा नाही. पोळीभाजीवालीची भाजी खपायला लागली की ती दोन भाज्यांच्या चार करते आणि मग चारही उरतात. पण इथे चूक वेगळी होती. ताट स्वस्त का आहे हे मालकिणीने गिऱ्हाइकापासून लपवायचं ठरवलं आणि लपवण्यासाठी स्वस्ताईचं कारणच काढून टाकलं. किंमत मागे राहिली, कारण गेलं. मुंबईतल्या जुन्या बेकऱ्यांना ही अडचण येत नाही. लादीपाव डझनांनी जातो, उरला तर त्याचे टोस्ट होतात, चुरा कटलेटला जातो. चहात टोस्ट बुडवणारा माणूस विचारत नाही की हा पाव कालचा का. टोस्ट हे नावच सगळं सांगून टाकतं.

मी तिला म्हटलं, परत मागे जा. ती म्हणाली, "आणि पाटीवर काय लिहू? शिळं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते दिलं रोज येणाऱ्या सरांनी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक, आणि कीश सुरू झाल्यापासून नाराज. "तो क्रोक का बंद केलात?" असं त्यांनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा मालकीण कंटाळून खरं काय ते बोलली. सर हसले. "अहो, म्हणजे फोडणीची पोळीच की ही! मग लाजता कशाला?"

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली: 'कालच्या पावाचं ताट. फ्रान्सची फोडणीची पोळी.' खाली बारीक अक्षरात, पाव काल सकाळी इथेच भाजलेला, आज दुपारी पुन्हा खरपूस केलेला. ताजा बॅगेट हवा असल्यास काउंटरवर.

पाटी सोपी होती. कामाची घडी बसवायला जास्त वेळ गेला.

पहिलं म्हणजे, उरलेला पाव ती रात्री फ्रिजमध्ये ठेवायची. मुंबईच्या दमट हवेत बाहेर ठेवला तर साल चामड्यासारखी होते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे फ्रिज बरा असं तिलाच काय, कुणालाही वाटेल. पण पाव शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाल्यावर तो पुन्हा घट्ट रचनेत बसायला लागतो आणि पाव कडक होतो. ही क्रिया सगळ्यात वेगाने चालते ती शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकी फ्रिजमध्ये. उणे १८ ला ती जवळजवळ थांबते. आणि साठ अंशांच्या वर गरम केलं की काही वेळापुरती उलटते. शिळी पोळी तव्यावर टाकली की मऊ होते ती त्यामुळेच. म्हणून ठरवलं: रात्री साडेआठला पावाच्या कापट्या करायच्या, पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये.

यावर ती उसळलीच. "फ्रीझर? काका, तिकडे कायदा आहे!" कायदा आहे हे खरं. १९९३ च्या सप्टेंबरमधल्या फ्रेंच हुकुमानुसार 'परंपरागत फ्रेंच पाव' या नावाने विकायच्या पावात बाहेरची मिश्रणं चालत नाहीत आणि तो करताना कुठल्याही टप्प्यावर गोठवलेला चालत नाही. बॅगेट करण्याचं कौशल्य आणि त्याभोवतीची संस्कृती २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली, तेव्हा तिचा अभिमान समजण्यासारखा. पण तो नियम पाव करण्याबद्दल आहे. दिवसभर काउंटरवर राहिलेल्या, विकून न गेलेल्या पावाबद्दल नाही, आणि पार्ल्याला तर नाहीच. अर्धा तास वाद घातल्यावर ती म्हणाली, "क्रोकसाठी चालेल." काउंटरवरचा बॅगेट मात्र आजही गोठत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. एका ताटाला सगळा मिळून १२० ग्रॅम पाव जातो, हे आम्ही आठवडाभर कापट्या तोलून काढलं. तेव्हापासून रात्री शटर खाली यायच्या आत उरलेला पाव काट्यावर चढतो. जे वजन येईल त्याला १२० ने भागायचं. तीन किलो असेल तर उद्या पंचवीस ताटं. तो आकडा सकाळीच पाटीच्या कोपऱ्यात लिहायचा आणि एकेक ताट गेलं की पुसायचा. संपलं की संपलं. सकाळचे बॅगेट दुपारसाठी एकानेही वाढवायचे नाहीत, ही माझी एकमेव सक्त अट. कारण ताटासाठी म्हणून मुद्दाम उरवलेला पाव हा उरलेला पाव नसतो. त्याची किंमत पुन्हा २२ होते.

ॲप बंद केलं. घरी न्यायचं असेल तर स्वतःचा डबा आणा, दहा रुपये कमी. पार्ल्यात डबा घेऊन जाणं कुणाला कमीपणाचं वाटत नाही, हे ॲपवाल्यांपेक्षा आम्हाला जास्त माहीत. २४९ चे २६० केले, कुणी हूं की चूं केलं नाही.

नव्या मुलाचं काय करायचं हा प्रश्न मला वहीतून सुटला असता, तिला सुटला नाही. त्याला काढायला ती तयार नव्हती. शेवटी त्याला संध्याकाळचे केक पोचवण्याचं काम दिलं. त्याचा पगार त्या कामातून पुरता निघतो का, तर नाही. वहीत ती रक्कम मी वेगळी लिहितो आणि त्यावर बोलत नाही.

श्रावणात मात्र आम्ही दोघंही तोंडावर पडलो. कांद्याचं सूप! चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरं पार्ल्यात कमी नाहीत, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं श्रावणात अंडं बंद. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत अंडं मांसाहारात धरलं जातं, त्यामुळे हरवलेल्या पावालाही तपकिरी खूण. पहिल्या सोमवारी सहा ताटं गेली. मग लाल भोपळ्याचं सूप आलं, त्यावर तुपात तळलेले पावाचे चौकोन. गोडाला शिजवलेल्या सफरचंदावर कालच्या क्रॉसाँचा साखरेत परतलेला चुरा, त्यात अंडं नाही. भोपळ्याचं सूप कांद्यापेक्षा इतकं खपलं की श्रावण संपल्यावरही आठवड्यातून दोनदा ठेवावं लागलं. गणपतीत भट्टीवरचा कारागीर कोकणात गावी गेला आणि आठ दिवस जेवणच बंद होतं. त्याला माझ्या वहीत इलाज नाही.

घडी बसल्यावरचे आकडे असे: सरासरी चोवीस ताटं, २६० मधून कर जाऊन २४७, सामान ९० रुपयांचं, ताटामागे १५७, दिवसाला ३,७७० च्या आसपास. पिशवीचं वजन मी अजून अधूनमधून विचारतो. परवा ९०० ग्रॅम होतं. शनिवार अजूनही जमत नाही. शनिवारी दुपारी बाहेरची माणसं येतात, त्यांना पंचवीस ताटांची पाटी म्हणजे उद्धटपणा वाटतो, आणि एकदोघांनी तसं तोंडावर सांगितलं. 'शिळा' म्हणून गेलेल्या बाई परत आलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी साडेअकराला तिचा फोन आला. आदल्या संध्याकाळी जवळच्या एका कचेरीत कार्यक्रम होता, त्यांनी काउंटरवरचा सगळा पाव उचलला होता. रात्री काटा शून्य. फ्रीझरमध्ये बुधवारचे जेमतेम चारशे ग्रॅम. "काका, संध्याकाळची कणिक तयार आहे. आठ बॅगेट आत्ता भाजले तर साडेबारापर्यंत निघतील. माणसं येतीलच." मी काही बोललो नाही. तिने पलीकडून मुलाला खडू आणायला सांगितलेलं ऐकू आलं.

दुपारी मी मुद्दाम तिकडून गेलो. पाटीवर होतं: 'काल पाव उरला नाही. आज ताट नाही.' सर पाटीसमोर उभे राहून चष्मा पुसत होते. चारशे ग्रॅमचं आत कामगारांचं जेवण चाललं होतं. मालकिणीने वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"आजची ताटं शून्य. हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहू?"

"काल संध्याकाळची पावाची विक्री किती?"

तिने पान उलटलं. "सगळा गेला."

"मग लिहून झालंय," मी म्हटलं, आणि सरांना घेऊन कोपऱ्यावर राईस प्लेट खायला गेलो.